नट कुणी आवळले?

माझे वडील बैलगाडी जुंपण्याआधी दोन्ही चाकं हातानं हलवून बघायचे. गाडी रोजची, रस्ता रोजचा, बैल घरचे. तरी चाकाला हात लावल्याशिवाय ते कधी गाडीवर चढले नाहीत. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. काल धड असलेलं चाक रात्रीतून कुठं जाणार आहे, असं मनात यायचं.

गावचा लोहार चाकाला धाव चढवायला लागला की वडील तिथं उकिडवे बसलेले असायचे. बैलांना पत्र्या मारताना तर बैलाच्या अंगावर हात ठेवून प्रत्येक खिळा बघायचे. खिळा आतल्या मांसात गेला तर जनावर लंगडतं आणि ऐन पेरणीत औत बसतं. लोहाराशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. सुगीत त्याच्या घरी धान्य जायचं, सणाला पोळीचं ताट जायचं. तरी ते बसून बघायचे, आणि लोहारालाही त्यात कधी अपमान वाटला नाही. "विश्वास माणसावर ठेवावा, नजर कामावर ठेवावी," असं वडील म्हणत.

पुढं बैलगाडी गेली. दारात ट्रॅक्टर आला, मागाहून माल वाहायला जुनी पिकअप आली. वडिलांची ती नजर मात्र आम्ही गाडीबरोबरच मोडीत काढली. "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" असं म्हणून ट्रॅक्टर गॅरेजात लावायचा आणि आपण समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचं, ही आपली रीत झाली. ही रीत मला दोनदा महागात पडली. पहिल्यांदा पैसे गेले. दुसऱ्यांदा पोटचं पोर जायची वेळ आली होती.

पहिली गोष्ट २००६ सालची. ट्रॅक्टर जुनाच घेतला होता, पण इंजिन ठणठणीत होतं. उन्हाळ्यात नांगरटीच्या आधी तो तालुक्याच्या गावी नेऊन सर्व्हिसिंग करून घेतलं. ऑइल बदललं, फिल्टर बदलले, एअर क्लीनर धुऊन त्यात नवं ऑइल भरलं. तास-दीड तासात काम झालं. ट्रॅक्टर चालू झाला, आवाज बरा वाटला. पैसे दिले आणि घरी आलो.

नांगरट झाली, मग रोटाव्हेटर लावला. पुरंदरची ती मे महिन्यातली माती तुम्हाला ठाऊकच असेल. ट्रॅक्टरमागं धुळीचा लोट उठायचा, चालवणारा दिसायचा नाही. गावातल्या दोघा-तिघांची भाड्याची कामंही केली. महिना-सव्वा महिन्यात ट्रॅक्टर निळा धूर सोडायला लागला. ऑइल कमी व्हायला लागलं. चढाला दम धरीना. पाऊस पडायच्या तोंडावर तर सकाळी सुरूच होईना.

मग दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी इंजिनाला हात लावायच्या आधी एअर क्लीनरकडून इंजिनात जाणारा रबरी पाइप हलवला. तो सहज निघून त्यांच्या हातात आला. पाइपावरची क्लिप आवळलेलीच नव्हती, नुसती अडकवून ठेवली होती. त्यांनी पाइपाच्या आत बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं. बोटावर मऊ पिठासारखी धूळ होती.

"अण्णा, हे तुमच्या रानातलं आहे," ते म्हणाले. "महिनाभर इंजिन हेच खात होतं."

एअर क्लीनर म्हणजे इंजिनाचं नाक. आपण धुळीत काम करताना नाकाला टॉवेल बांधतो ना, तसाच. त्याच्यातून गाळून आलेली हवाच इंजिनात जायला हवी. मधला पाइप ढिला राहिला की हवा न गाळता तशीच आत शिरते, बरोबर धूळ नेते, आणि ती धूळ पिस्टन आणि लायनरच्या मधे सापडून कानशीसारखी घासते. जे इंजिन वर्षानुवर्षं चाललं असतं ते एका हंगामात झिजतं. लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, हेडचं काम असा सगळा मिळून पंचवीस हजारांच्या वर खर्च आला. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं करावी लागली ती वेगळीच. सौ.ची बोरमाळ त्या वर्षी गहाण पडली. आणि हे सगळं कशानं? तर दहा-पंधरा रुपयांची क्लिप होती जागेवर, पण तिचा स्क्रू दोन फेरे फिरवायचा राहिला म्हणून.

पहिल्या गॅरेजात जाऊन मी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही आवळली होती. तुमच्या ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं ढिली झाली असेल." माझ्याकडं पावती नव्हती, काय काय काम केलं याचा कागद नव्हता, आणि काम चालू असताना मी टपरीवर होतो. मी काय बोलणार? गप घरी आलो.

एवढं होऊन माणूस शहाणा व्हावा. मी ट्रॅक्टरपुरता झालो. पिकअपच्या बाबतीत होतो तिथंच होतो.

दुसरी गोष्ट २०१२ सालची, एप्रिलमधली. अंजिराचा मीठा बहार चालू होता. अंजीर हे फार नाजूक फळ. आज झाडावर पिकलं की उद्या सकाळी बाजारात गेलंच पाहिजे, परवा त्याला कुणी विचारत नाही. आम्ही दुपारपासून तोडणी करायचो, रात्री अंजिराच्याच पानांत पाट्या भरायचो आणि पहाटे दिवे घाट उतरून पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचायचो.

त्या दिवशी मार्केटवरून परत येताना ब्रेक लागताना मागून करकर आवाज आला. सरळ गॅरेजात गाडी घातली. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक लायनर संपले होते. दुपारी गाडी लावली, पण मिस्त्रींकडं आधीची दोन कामं होती. संध्याकाळ झाली तरी माझ्या गाडीचं एकच चाक उतरलं होतं. इकडं घरून फोनवर फोन. पाट्या भरायला सुरुवात झाली होती. मी दर दहा मिनिटांनी आत जाऊन म्हणायचो, "मिस्त्री, उरका लवकर. पहाटे निघायचंय."

आठच्या सुमाराला वीज गेली. भारनियमनाचेच दिवस होते. मिस्त्री बॅटरीच्या उजेडात काम करत होते, त्यांच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा होता. तेवढ्यात बाहेर ऊसतोडीचा एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, त्याच्या माणसानं मिस्त्रींना हाक मारली, ते बाहेर गेले. मी टपरीवरच होतो. थोड्या वेळानं पोरग्यानं जॅक काढला, मिस्त्रींनी ब्रेक दाबून बघितला, "झालं अण्णा" म्हणाले. मी पैसे दिले आणि निघालो.

पहाटे चार वाजता माल भरून निघालो. शेजारी माझा नववीतला मुलगा होता. परीक्षा संपली होती, त्याला पुणं बघायचं होतं. सासवड सोडलं आणि तो म्हणाला, "दादा, मागनं काहीतरी वाजतंय."

मी म्हटलं, "पाट्या हलत असतील."

थोडं पुढं गेल्यावर तो परत म्हणाला, "पाट्यांचा नाही. चाकाबरोबर वाजतंय. गाडी हळू झाली की आवाजही हळू होतो."

मी कान दिला. कट्, कट्, कट्. खरंच चाकाच्या फेऱ्याबरोबर आवाज येत होता, आणि गाडीची शेपूट किंचित डोलत होती. दिवे गावाजवळ एका हॉटेलाच्या दिव्याखाली गाडी उभी केली. बॅटरी घेऊन मागं गेलो. डाव्या चाकाचे पाच नट. दोन जागेवरच नव्हते. एक आट्यांच्या शेवटावर लोंबत होता. उरलेले दोन मी बोटानं फिरवले, ते फिरले. बोटानं! चाकाच्या तबकडीची भोकं घासून लांबट झाली होती.

ज्यांनी दिवे घाट बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. त्या हॉटेलापासून थोड्याच अंतरावर उतार सुरू होतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, खाली मस्तानी तलाव. वळणावर चाक सुटलं असतं तर काय झालं असतं, हे मी त्या वेळी मनात येऊ दिलं नाही. मुलगा माझ्या हातातली बॅटरी धरायला पुढं आला तेव्हा माझा हात थरथरतोय हे त्यालाच आधी दिसलं. तो काही बोलला नाही. त्यानं बॅटरी घेतली.

गावातल्याच दुसऱ्या एका शेतकऱ्याची गाडी मागून येत होती. तीत पाट्या चढवल्या. मावल्या तेवढ्या गेल्या, बाकीच्या दुपारपर्यंत उन्हानं पाणी सोडून बसल्या. उजाडल्यावर बाकीच्या तीन चाकांचा एकेक नट काढून या चाकाला बसवला, सगळे नीट आवळले आणि रिकामी गाडी पायी चालल्यासारखी परत आणली.

गॅरेजात पोचलो तेव्हा मी फार रागात होतो. मिस्त्री पहिल्यांदा तेच म्हणाले, जे सगळे म्हणतात. "रात्रीत कुणीतरी ढिले केले असतील अण्णा." पण त्यांच्यामागं उभा असलेला तो पोरगा पांढराफटक पडला होता. मी त्याला जवळ बोलावलं. म्हटलं, "बाळा, मी मारत नाही. खरं काय ते सांग. नट कुणी आवळले?"

तो रडायलाच लागला. म्हणाला, "उस्तादांनी आवळले असं मला वाटलं."

मिस्त्री त्याच्याकडं बघतच राहिले. ते म्हणाले, "आणि मला वाटलं, तू आवळलेस."

तिथं सगळ्यांचाच राग उतरला. पोरग्यानं नट हातानं फिरवून बसवले होते. जॅक खाली घेतल्यावर पान्यानं आवळायचे म्हणून ठेवले. मिस्त्री बाहेरून आले तेव्हा चाक बसलेलं, जॅक काढलेला. त्यांना वाटलं काम झालं. कुणीही लबाडी केली नव्हती. एकाचं काम दुसऱ्याच्या हातात जाताना मधल्या मधे नट राहिले. आणि दर दहा मिनिटांनी "उरका, उरका" म्हणणारा कोण होता? मीच की. ती घाई मीच तिथं नेऊन ठेवली होती.

मिस्त्रींनी खराब झालेले बोल्ट, नट आणि चाकाची तबकडी पदरच्या पैशानं बदलून दिली. मालाच्या नुकसानीचं मी मागितलं नाही, त्यांनीच पुढच्या दोन सर्व्हिसिंगची मजुरी घेतली नाही. आजही माझी गाडी तिथंच जाते. पण त्या दिवसापासून मी टपरीवर बसत नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. मी यंत्रातला जाणता नाही. पण वडिलांनाही लोहारकाम कुठं येत होतं? बघायला कारागिरी लागत नाही, बसायची तयारी लागते.

गाडी लावतानाच कागदावर लिहून देतो: तक्रार काय, काम काय करायचं, अंदाजे खर्च किती. आमच्या घरी त्यासाठी एक वही आहे, ती सौ.च्या ताब्यात असते. तारीख, मीटरचा आकडा, काय बदललं, किती पैसे गेले, सगळं त्यात आहे. कुठलं ऑइल कधी घातलं हे मला आठवत नाही, वहीला आठवतं. बदललेला जुना भाग मी मागून घेतो. तो घरी आणून काही करायचं नसतं. पण मागणार आहे हे आधी सांगितलं की न बदलता बदलला म्हणण्याचा प्रश्नच उरत नाही.

दिवसभर गॅरेजात बसणं कुणालाच जमत नाही, आणि गरजही नाही. खोलताना नसलात तरी चालेल, बंद करताना हजर राहा. निष्काळजीपणा बहुतेक वेळा शेवटच्या अर्ध्या तासात होतो. सगळं जुळलेलं असतं, हात दमलेले असतात, अंधार पडलेला असतो, पुढचं गिऱ्हाईक उभं असतं.

चाक उतरवलं असेल, मग ते पंक्चरसाठी का असेना, तर नट आवळताना मी शेजारी उभा राहतो. नटाची निमुळती बाजू चाकाकडं आली पाहिजे. एकाशेजारी एक असे न आवळता समोरासमोरचे आवळत जावे, म्हणजे चाक सारखं बसतं. चाक जमिनीवर टेकल्यावर पान्यानं शेवटचा आवळ दिला पाहिजे. पान्याला लांब नळी लावून त्यावर उभं राहून आवळणंही बरोबर नाही, त्यानं बोल्ट ताणला जातो. आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत. चाक बसल्यावर नट थोडे सैल पडू शकतात.

ऑइल बदललं की खालचा बूच आणि त्याचं वायसर बघावं. नवं ऑइल सीलबंद डब्यातून आपल्यासमोर ओतून घ्यावं. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करावं, ऑइल खाली उतरू द्यावं आणि काठी पुसून पातळी बघावी. दोन खुणांच्या मधे हवी. कमी नको, तसंच जास्तही नको. घरी आल्यावर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवावा. सकाळी त्यावर थेंब दिसले तर गळती कुठं आहे ते पुठ्ठाच सांगतो.

ब्रेकचं काम केलं असेल तर गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी पेडल दाबून बघावं. ते पायाखाली स्पंजासारखं लागलं तर नळीत हवा राहिली आहे असं समजावं आणि तिथंच काढून घ्यावी. ब्रेकच्या टाकीत ब्रेक ऑइलच पडलं पाहिजे. तिथं चुकून इंजिन ऑइल पडलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. आणि ट्रॅक्टरवाल्यांनो, एअर क्लीनरच्या पाइपाच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा हातानं हलवून बघितल्याशिवाय ट्रॅक्टर धुळीत घालू नका. क्लीनरमधलं ऑइल खुणेपर्यंत आहे ना, ते धुळीच्या दिवसांत रोज बघा.

एवढं करूनही नुकसान झालंच आणि गॅरेजवाला ऐकेना, तर शेतकऱ्याला दाद मागायची जागा आहे. १९८६ साली आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवाच आहे, आणि त्यातल्या कसुरीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र तिथं पहिला प्रश्न येतो, पावती कुठं आहे? २००६ साली माझ्याकडं ती नव्हती, म्हणून सांगतो. पावती मागायला लाजू नका.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. आपण गॅरेजवाल्याशी घासाघीस करून शंभर रुपये कमी करतो आणि मग काम मन लावून व्हावं अशी अपेक्षा धरतो. ऐन हंगामात, माल तोडून झाल्यावर, अंधारात गाडी घेऊन जातो आणि ताबडतोब पाहिजे म्हणतो. काम हंगामाच्या आधी काढलं, मजुरी ठरल्याप्रमाणं दिली आणि "सावकाश करा, पण नीट करा" असं तोंडानं म्हटलं, तर निम्म्या चुका तिथंच थांबतात. काम बघत बसलं म्हणजे अविश्वास दाखवला असं चांगला कारागीर मानत नाही. ज्याला आपण बसलेलं खपत नाही, त्याच्याकडं परत जावं की नाही याचा मात्र विचार करावा.

तो पोरगा आता मोठा झाला. त्यानं आयटीआय केलं आणि आमच्याच रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. मध्यंतरी गाडी घेऊन गेलो होतो. चाक बसवून झालं, तसा त्यानं पाना माझ्या हातात दिला. म्हणाला, "अण्णा, एकदा तुम्ही फिरवून बघा." प्रत्येक गिऱ्हाइकाला तो तसंच सांगतो म्हणे. मी एकेक नट फिरवून बघितला. एकही हलला नाही.

माझा मुलगा आता गाडी चालवतो. पहाटे माल भरून झाला की तो गाडीभोवती एक फेरी मारतो आणि चारी चाकांच्या नटांना हात लावतो. त्यानं आपल्या आजोबांना गाडी जुंपताना कधी बघितलेलं नाही.